गरम झाल्यावर गप्प बसणारा आवाज

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला, तेव्हा तेलगावच्या अलीकडच्या एका लहानशा सहकारी दूध संघानं आपला दुधाचा टँकर पाण्याला लावला. दूध तसंही कुठं उरलं होतं? चार हजार लिटरचं संकलन सातशेवर आलं होतं, आणि ज्या गाई-म्हशींचं ते सातशे लिटर, त्या संघाच्याच चारा छावणीत दावणीला उभ्या होत्या. आठशे चाळीस जनावरं, आणि त्यांच्यामागं आलेली दीड-पावणेदोनशे माणसं. पाणी मिळायचं ते सतरा किलोमीटरवरच्या एका विहिरीवर. अर्ध्या वाटेत डांबर संपायचं आणि पुढं नुसता फुफाटा. दिवसाला सहा खेपा झाल्या तर सगळ्यांचं भागायचं. पाच झाल्या तर संध्याकाळी हौदाच्या कडेला शिंगाला शिंग लागायचं.

त्या सहा खेपा निवृत्ती करायचा. पन्नाशीचा, अंगानं काटक, बोलायला कमी. सतरा वर्षं संघाची गाडी हाकत होता आणि या सतरा वर्षांत त्यानं ना कुणाची शेळी चिरडली होती, ना दुधाचा एक कॅन सांडला होता. सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. म्हणूनच त्या मंगळवारी जे झालं ते बघून लोक आधी घाबरले आणि मग हळूहळू कुजबुजायला लागले.

दुपारची चौथी खेप. भरलेला टँकर छावणीजवळच्या सरळ रस्त्यावर, समोर कुणी नसताना, हळूच डावीकडं उतरला आणि बाभळीच्या झुडपात जाऊन थांबला. लोक पळत गेले, तर निवृत्ती स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलेला. डोळे अर्धे उघडे, तोंडाला फेस नाही, अंगाला जखम नाही. खाली उतरवला तसा भडाभडा ओकला.

संघाचे चेअरमन सुंदरराव जीप घेऊन आले. सुंदररावांचा आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं, पण राग दोन्हीच्या आधी यायचा. त्यांनी सगळ्या छावणीसमोर निवृत्तीची हनुवटी धरली.

"आऽ कर."

निवृत्तीनं तोंड उघडलं. चेअरमननी वाकून वास घेतला. बायकांनी माना फिरवल्या.

"वास न्हाई," सुंदरराव म्हणाले. मग सगळे बघतायत हे ध्यानात येऊन आवाज चढवला, "पण गोळ्या खात असशील. भरल्या गाडीवर झोप येती माणसाला? पाच हजार लिटर पाणी हाय त्यात! उद्यापासून गाडीला हात लावू नको."

निवृत्ती उठला. लिंबाखाली जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी डोकं दाबत राहिला.

हे सगळं कौशल्या छावणीला लागून असलेल्या संघाच्या स्टोअरच्या खिडकीतून बघत होती.

कौशल्या वडमारे संघाची स्टोअर कीपर. कॅनची रबरं, पंपाचे बेल्ट, गाड्यांचे फिल्टर, नटबोल्ट, सगळं तिच्या ताब्यात. कुणाला काय हवं ते खिडकीतून द्यायचं आणि वहीवर सही घ्यायची. तिला हे काम लागून एकोणीस वर्षं झाली होती. फार थोड्यांना ठाऊक होतं की बाई बीडच्या आयटीआयची मोटार मेकॅनिक आहे. चोवीस पोरांत एकटी पोरगी. बाप एसटीच्या डेपोत हेल्पर होता. त्यानं स्वतः नेऊन तिचं नाव घातलं होतं, आणि ती वर्गात दुसरी आली होती. संघात मुलाखतीला गेली तेव्हा त्या वेळचे संचालक म्हणाले, बाई गाडीखाली कशी शिरंल? त्यापेक्षा स्टोअरला बसू द्या, सामानाची माहिती तर हाय. पोटाचा प्रश्न होता. ती बसली. पण कान काही खिडकीआड बसले नाहीत. संघाच्या आवारात शिरणाऱ्या प्रत्येक गाडीचं काय दुखतंय ते तिला आवाजावरून कळायचं आणि ती ते कुणाला सांगायची नाही, कारण कुणी विचारायचं नाही.

त्या संध्याकाळी ती लिंबाखाली गेली.

"निवृत्तीभाऊ, डॉक्टर काय म्हणला?"

"ऊन लागलं म्हणला. मीठ-साखरेचं पाणी पी म्हणला." निवृत्तीनं मान वर केली नाही. "ताई, तुमाला तरी खरं वाटतं का?"

"काय?"

"मी नशा करतो म्हणून."

"मला काहीच वाटत न्हाई. मला सांगा, डोकं कधीपासून दुखतंय?"

"पंधरा-वीस रोज झाले. सकाळी बरं असतं. दोन खेपा होईस्तोवर ठीक. तिसरीला कपाळ ठणकायला लागतं. चौथीला तर डोळ्यावर झापड. घरी गेलो, पडलो, की रात्रीतून उतरतं."

"आणि रविवारी? पंप बिघडलता, गाडी उभीच होती की."

निवृत्तीनं आठवून बघितलं. "रविवारी काहीच न्हाई. शेतात होतो दिवसभर. उन्हातच होतो की ताई."

कौशल्यानं मान हलवली. उन्हात दिवसभर राबून ज्याचं डोकं दुखत नाही, त्याला गाडीत सावलीला बसून ऊन कसं लागतं? पण एवढ्यावर काही बोलणं तिला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आप्पाराव घेऊन गेला. आप्पाराव संघाचा ट्रॅक्टर चालवायचा, पंचवीस वर्षांचा गडी, बैलासारखा. चार खेपा करून तो परत आला आणि स्टोअरच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, डोक्याची गोळी हाय का हो? लई ठणकायलंय."

कौशल्याच्या हातातलं पेन तिथंच थांबलं.

दोन माणसं. एक पन्नाशीचा, एक पंचविशीचा. दुखणं एक, आणि दोघांत सारखी गोष्ट एकच, ती म्हणजे ती केबिन. जुन्या बनावटीची गाडी, इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला, वर नुसतं पत्र्याचं झाकण. फुफाट्यामुळं काचा कायम वर चढवलेल्या. तिला आयटीआयचे गुरुजी आठवले. ते बजावून सांगायचे, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. जळक्या धुरात असा एक वायू असतो की त्याला ना रंग, ना वास. माणसाला कळत नाही आणि माणूस झोपतो.

आणि तिला तो आवाज आठवला. महिनाभर रोज सकाळी टँकर चालू झाला की तिच्या कानावर पडायचा. टक्-टक्-टक्-टक्. पाच-सात मिनिटांत इंजिन गरम झालं की गप्प.

या आवाजासाठी माजलगावचा बंकट मिस्त्री एकदा येऊन गेलता. टॅपेट, म्हणजे इंजिनाचे वाल्व्ह उघडणारे भाग, वाजतायत म्हणाला, टॅपेट बसवून गेला. आवाज तसाच राहिला. बंकट काही हलका मिस्त्री नव्हता. त्या भागातल्या निम्म्या ट्रकची इंजिनं त्याच्या हातून गेलेली. पण तो आला तेव्हा दुपार होती, इंजिन तापलेलं होतं, आणि ज्या आवाजासाठी बोलावलं तो आवाजच त्याला नीट ऐकायला मिळाला नव्हता.

गुरुवारी सकाळी साडेसहाला कौशल्या संघात आली. आप्पाराव निघायच्या बेतात होता. निवृत्ती घरी बसवत नाही म्हणून नुसताच येऊन उभा होता.

"आप्पाराव, गाडी चालू करू नको. आधी झाकण काढ."

"कावून?"

"काढ तर."

झाकण निघालं. इंजिन रात्रभर उभं राहून गार पडलेलं. कौशल्यानं साडीचा पदर खोचला, केबिनमध्ये चढली आणि निवृत्तीला म्हणाली, "आता चालू करा. रेस देऊ नका."

टक्-टक्-टक्-टक्.

तिच्या हातात दूध काढायच्या यंत्राची हातभर रबरी नळी होती. नळीचं एक तोंड तिनं कानाला लावलं आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेनं फिरवायला लागली. मॅनिफोल्ड म्हणजे काय, तर इंजिनाच्या चारही सिलिंडरमधून निघणारा धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड नळ. पहिल्या सिलिंडरपाशी नुसती घरघर. दुसऱ्यापाशी तीच. तिसऱ्यापाशी तीच. चौथ्यापाशी नळी नेली आणि तिनं झटकन कान मागं घेतला. कुणी कानात फुंकर घालावी तसा फस्-फस् आवाज आला. चौथा सिलिंडर ड्रायव्हरच्या मांडीला सगळ्यात जवळचा.

"आप्पाराव, गाईची कास धुवायची फवाऱ्याची बाटली आण. साबणाचं पाणी भर त्यात."

इंजिन तापायच्या आत तिनं सांध्यावर साबणाचं पाणी मारलं. तीन सिलिंडरपाशी ते नुसतं ओघळलं. चौथ्यापाशी बुडबुडे फुगून फटाफट फुटायला लागले.

"आता मागं जा आणि ओल्या पोत्यानं सायलेन्सरचं तोंड दाब. दोन सेकंद. जास्त न्हाई."

आप्पारावनं दाबलं. त्याबरोबर चौथ्या सिलिंडरच्या कडेनं काळ्या धुराची पिचकारी उडून थेट कौशल्याच्या गालावर बसली. तिनं गाल पुसला आणि काळं झालेलं बोट निवृत्तीला दाखवलं.

"ही बघा तुमची नशा."

निवृत्ती बोटाकडं बघत राहिला. मग त्यानं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं आणि उगीचच आरसा पुसायला लागला.

सुंदरराव आठला आले तेव्हा कौशल्या त्यांच्या दारात उभी होती. गालावर काजळी, हातात टॉर्च.

"साहेब, गाडी आज उभी ठेवावी लागंल. मॅनिफोल्ड गळतोय. सगळा धूर केबिनमध्ये येतोय. निवृत्तीभाऊ झोपले न्हाईत, त्यांना धुरानं गुंगी आली. आता आप्पारावचं डोकं दुखतंय. तुमी बसलात तर तुमचं दुखंल."

सुंदररावांनी खुर्चीवर बसता बसता तिच्याकडं नवलानं बघितलं. "तुमाला कुणी सांगितलं?"

"मी बघितलं."

त्यांनी बंकटला फोन लावला. बंकटनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, असंल तर इंजिन खाली घ्यावं लागंल, गाडी ओढून माजलगावला आणा, चार रोज लागतील. फोनचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. चार रोज म्हटल्यावर सुंदररावांचा चेहराच उतरला. आठशे चाळीस जनावरांना चार रोज काय पाजणार?

"इंजिन खाली घ्यायची गरज न्हाई," कौशल्या म्हणाली. "मॅनिफोल्ड जागेवर निघतो. सांध्यातलं पॅकिंग आपल्या स्टोअरात पडलंय. मीच मागवलतं चार वर्षांमागं. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. तोवर ट्रॅक्टरच्या टाकीनं दोन खेपा होतील. आणि बंकटभाऊंना म्हणावं, या, पण वेल्डिंगचं मशीन घेऊन या."

"आणि न्हाई झालं तर?"

"तर माझं नाव स्टोअरच्या वहीतनंसुद्धा काढा."

सुंदररावांनी तिचा चेहरा निरखला. समोरचं माणूस बढाई मारतंय की खात्रीनं बोलतंय, एवढं ओळखायला त्यांना आयुष्यभराच्या राजकारणानं शिकवलं होतं. ते फोनमध्ये म्हणाले, "बंकट, मशीन घेऊन ये. लाईट तीनला जाती, त्याच्या आत."

मॅनिफोल्ड आठ नटांवर बसलेला. त्यातले पाच रॉकेल मुरवून, पान्यानं आधी किंचित आवळून मग सैल करत निघाले. दोन जाम होते, ते हिसके न देता, थोडं पुढं थोडं मागं करत तिनं अर्ध्या तासात काढले. आठवा नव्हताच. चौथ्या सिलिंडरच्या कडेचा बोल्ट, ज्याला मिस्त्री लोक स्टड म्हणतात, तो कधीतरी मोडून पडला होता आणि त्याचा बुडखा इंजिनाच्या माथ्यात, हेडमध्ये, गंजून बसला होता. जेमतेम दोन सूत बाहेर.

मॅनिफोल्ड उतरवला तेव्हा दहा वाजून गेले होते. कौशल्यानं तो उजेडात धरला. चौथ्या तोंडाभोवती काजळीचे काळे ओरखडे, बाकी तिन्हींभोवती पॅकिंगचा स्वच्छ ठसा. तिनं तो रॉकेलनं पुसून कोरडा केला आणि त्यावर खडू घासला. नळाला चीर असती तर मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उठवून वर आलं असतं. रेघ उठली नाही. तिचा जीव भांड्यात पडला. चीर असती तर नवा मॅनिफोल्ड मागवावा लागला असता, आणि मग खरंच चार दिवस गेले असते. पण तिनं तोंडांवर लोखंडी पट्टी आडवी ठेवली तेव्हा चौथ्यापाशी पट्टीखालून उजेड दिसला. स्टड मोडल्यावर ते टोक तापून तापून वाकलं होतं.

बंकट मिस्त्री अकराला आला. पान खात, मशीन उतरवत म्हणाला, "बाई, बिडाचं काम हाय. ठोकलं तर फुटंल."

"ठोकायचं न्हाई म्हणूनच तुमाला बोलावलं."

त्यानं वाकून मोडका स्टड बघितला, मग मॅनिफोल्डवरची काजळी. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. "मला वाटलं टॅपेट," तो हळूच म्हणाला.

"टॅपेटचा आवाज चढावर वाढत न्हाई, बंकटभाऊ. हा वाढायचा. निवृत्तीभाऊंना विचारा. गरम झाल्यावर लोखंड फुगतं, आवाज दबतो, पण फट बुजत न्हाई. तुमी दुपारी आलता, तवा तो गप्प होता."

बंकटनं पान थुंकलं, हात धुतले आणि म्हणाला, "सांगा, काय करायचं."

मोडक्या बुडख्यावर नट ठेवून नटाच्या पोटात वेल्डिंग भरायचं आणि मग त्या नटालाच पाना लावून बुडखा फिरवायचा, असा बेत. पहिला नट बसला, कौशल्यानं पाना लावला, आणि कट्! नट हातात आला. बुडखा जागेवर. घड्याळात पाऊण. दुसऱ्या नटाच्या वेळी तिनं बंकटला सांगितलं, लाल झालं की थांबा. लाली उतरून काळं पडायची वाट बघितली, मग मेणबत्तीचं टोक बुडख्याला टेकवलं. मेण वितळून गंजात शिरलं. आता तिनं पाना धरला. जोर नाही. इकडं केसभर, तिकडं केसभर. बाजूला आप्पाराव अधीर होऊन म्हणाला, "मी लावू का जोर?"

"जोरानंच तर मोडलाय पहिला."

सातव्या-आठव्या वेळेला कुर्रर्र असा बारीक आवाज आला आणि तिच्या मनगटाला कळलं की आतून काहीतरी सुटलं. तिनं श्वास रोखून फिरवलं. गंजाची लाल पूड सांडत बुडखा सरासर बाहेर आला. बंकटनं तो चिमट्यात धरून उन्हात बघितला.

"हेडच्या आट्याला धक्कासुद्धा न्हाई," तो म्हणाला. ते त्यानं स्वतःच्या कामाबद्दल सांगावं तशा कौतुकानं सांगितलं.

आता वाकलेलं तोंड सपाट करायचं होतं. त्यासाठीचं लेथ मशीन तीस किलोमीटरवर. कौशल्या पुन्हा चेअरमनच्या खोलीत गेली.

"साहेब, तुमच्या टेबलावरची काच पाहिजे."

"माझी काच? कावून?"

"गावात एवढं सपाट दुसरं काही न्हाई."

सुंदररावांनी काचेखाली बघितलं. मंत्र्यांबरोबरचे फोटो, कॅलेंडर, लोकांची कार्डं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं टेबलावरचं सगळं उचललं, काच काढली आणि आप्पारावच्या मदतीनं लिंबाखाली आणून सतरंजीवर ठेवली. काचेवर पॉलिश पेपर चिकटवला. त्यावर मॅनिफोल्ड पालथा घालून घासायचा. वजन तेरा-चौदा किलो. पुरुषांनी धरला तर ते रेटत होते, कड दबत होती.

छावणीतली केसरबाई दोन म्हशी घेऊन आलेली, सत्तरीची. ती बघत होती. "सरा तिकडं," ती म्हणाली. "असं दळतेत व्हय? कौशल्या, मला धरू दे."

समोरासमोर दोघी बसल्या. केसरबाईचा हात जात्यावर मुरलेला. दाब सारखा, गती सारखी. आठाच्या आकड्यासारखं फिरवायचं एवढं कौशल्यानं सांगितलं. दहा मिनिटांनी दुसऱ्या दोघी आल्या, मग तिसऱ्या. कुणीतरी ओवी धरली. कौशल्या मधून मधून थांबवून पट्टी लावायची, उजेड बघायची आणि "अजून" म्हणायची. चौथ्यांदा पट्टी लावली तेव्हा तिनं डोळा अगदी जवळ नेला. मग पट्टी केसरबाईच्या हातात दिली.

"तुमीच बघा, मावशी. उजेड दिसतोय?"

केसरबाईनं एक डोळा मिटून बघितलं. "काळंभोर," ती म्हणाली, आणि बायका हसल्या.

नवे स्टड बसवले, नवं पॅकिंग लावलं. नट आवळताना बंकटनं कडेकडून सुरुवात करायला पाना नेला, तर कौशल्यानं त्याचा हात अलगद अडवला. "मधनं. मधनं दोन्ही टोकाकडं. आणि एका दमात न्हाई, तीन फेऱ्यांत." बंकटनं मुकाट्यानं पाना तिच्याच हातात दिला. गिअरच्या दांड्याची फाटलेली रबरी टोपी, जिच्यातून धूर आत शिरायचा, ती बदलली, इंजिनाच्या झाकणाला जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवून ते घट्ट केलं. लाईट गेली तेव्हा तीनला पाच मिनिटं कमी होती. वेल्डिंग कधीच आटोपलं होतं.

"निवृत्तीभाऊ, चालू करा."

इंजिन चालू झालं. गार इंजिन, आणि टकटक नाही. सगळं आवार कान देऊन उभं. फवाऱ्यातलं साबणाचं पाणी चारही सांध्यांवरून नुसतं ओघळून गेलं. इंजिन तापवून, गार होऊ देऊन कौशल्यानं नट पुन्हा एकदा तपासले. दोन नट पाव-पाव फेरा फिरले.

तरी सुंदररावांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न तिनं वाचला. आवाज गेला हे कुणालाही कळत होतं. माणूस झोपणार नाही हे कोण सांगणार?

"मी बसते गाडीत," कौशल्या म्हणाली. "काचा चढवून. निवृत्तीभाऊ चालवतील."

"त्याला तर मी..." सुंदरराव बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "चालव बाबा. मीबी येतो."

त्या वाळवंटासारख्या उन्हात बंद काचांच्या केबिनमध्ये तिघं बसली. घामानं निथळत. विहिरीपर्यंत गेली, भरून आली, पुन्हा गेली. सुंदरराव दर दहा मिनिटांनी निवृत्तीला विचारत होते, "डोकं?" आणि निवृत्ती म्हणत होता, "हाय जागेवर." दुसऱ्या खेपेच्या चढावर कौशल्यानं डोळे मिटून ऐकलं. इंजिन दम न खाता एकसुरात चढत होतं. एकोणीस वर्षं जो आवाज ती खिडकीतून ऐकत आली होती, तो आज तिच्या हाताखालून निघत होता. बाहेर बघत, फुफाट्याच्या लोटाकडं बघत, ती मोकळेपणानं हसली.

तिसऱ्या खेपेहून परतेपर्यंत दिवस मावळून गेला होता. हौदाशी सगळी छावणी जमलेली. पाणी सोडलं तशा म्हशींनी माना घातल्या. सुंदरराव खाली उतरले, सदरा अंगाला चिकटलेला. निवृत्ती उतरायच्या आधीच त्यांनी त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"निवृत्ती, परवा तुझं तोंड मी सगळ्यांसमोर हुंगलं. आता सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी हुती. माणसाचा वास घ्यायच्या आधी गाडीचा घ्यायला पाहिजे हुता."

निवृत्ती खालीच बघत होता. "साहेब, मला बोललात त्याचं काही न्हाई," तो म्हणाला. "पण ताईंनी विचारलं, कधी दुखतं, कसं दुखतं. एवढंच कुणी विचारलं असतं तर पंधरा रोज वाचले असते." सतरा वर्षांत चेअरमनसमोर तो एवढं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सुंदररावांनी मान डोलावली. रागावले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे गार इंजिनावर कौशल्यानं नट शेवटचे आवळून घेतले. हललाच नाही एकही. त्या आठवड्यात शेजारच्या छावण्यांचे दोन ड्रायव्हर येऊन गेले. एकाचं डोकं दुखत होतं, एकाची गाडी चढावर ओढत नव्हती. कौशल्यानं दोघांनाही एकच सांगितलं, गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी गार असताना दाखवा. बंकटनं माजलगावहून निरोप धाडला, गॅरेजला एक जीप आलीय, आवाज कळत न्हाई, सवडीनं येऊन ऐकून जाल का?

महिनाअखेरच्या बैठकीत ठराव झाला की संघाच्या सगळ्या गाड्यांची देखभाल कौशल्या वडमारे यांच्याकडं द्यावी. संघाचे सचिव राधाकिशन नियमाला पक्के, अक्षराला सुरेख. त्यांनी तिला बोलावलं आणि पेन उघडून विचारलं, "बाई, पदाचं नाव काय लिहू? वाहन देखभाल सहायक? का स्टोअर कीपर, कंसात वाहने?"

"मिस्त्री लिहा."

राधाकिशनना जरा अडखळल्यासारखं झालं. "मिस्त्रीण म्हणायचं का मग?"

"न्हाई. मिस्त्री. कागदावर माणसाचं काम लिहितेत ना, तेवढंच लिहा."

त्यांनी लिहिलं. वळणदार, शाई न फुटता. कौशल्यानं ते उलट्या बाजूनंच वाचलं, सही केली आणि घाईनं उठली. बाहेर आप्पारावनं ट्रॅक्टर चालू केला होता, आणि त्याच्या पंपाचा आवाज तिला बसल्या जागेवरून पसंत पडला नव्हता.